टँकरमामांचा प्रोसेसर

“पोरगी मुकी आहे का?”

दुकानदारानं हे हळूच विचारलं होतं, पण मी काउंटरपासून दोन फुटांवर उभी होते, छातीशी फाइल धरून. टँकरमामांनी मान न वळवता उत्तर दिलं, “नाय नाय. फर्स्ट गिअर जड हाय तिचा. मग पळती.”

दुकानदारानं समजल्यासारखी मान हलवली आणि प्रोसेसरचे दोन डबे काचेवर ठेवले. मी पळाले नाही. त्या दिवशी मी एक शब्दही बोलले नाही आणि त्यामुळे काय झालं ते पुढे सांगते. आधी मामा.

मामा गारखेड्यात आमच्याच गल्लीच्या टोकाला राहायचे. दुष्काळाच्या वर्षांत नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नसायचा, तेव्हा मामा पाण्याचा टँकर घेऊन यायचे. लोक त्यांना देव मानत होते असं म्हणता येणार नाही. देवाला उशीर झाला म्हणून कुणी पाइप हातात घेऊन भांडत नाही. “मामा, आमचा ड्रम आधी”, “मामा, आमच्याकडे पाहुणे आहेत”, प्रत्येकाला मामा एकच उत्तर द्यायचे, “व्हय.” आणि मग रांगेनंच पाणी भरायचे.

त्यांचे वडील फुलंब्रीकडे मेंढरं राखायचे. कुठलीही वस्तू घेण्याआधी ती चालवून बघायची, ही सवय मामांना तिकडून लागली होती. “सपाटीला कुणाचाबी मेंढा चांगलाच दिसतो,” ते म्हणायचे. “चढाला लावा, मग बघा.” प्रेशर कुकर त्यांनी दुकानातच तूर शिजवून घेतला होता. मुलीला स्थळ सांगून आलं तेव्हा त्या मुलाला देवगिरी किल्ल्यावर घेऊन गेले. मुलगा वर पोचला तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं, पण पोचला होता. लग्न ठरलं. मुलगी सुखात आहे.

क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला आणि डॉक्टरनं गाडी बंद करायला सांगितली. टँकर विकला. मामांचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला होता आणि त्याचा कॉम्प्युटर घरातच होता. त्यात विमान चालवायचा सिम्युलेटर होता, खऱ्या उपग्रहाच्या फोटोंवरून बनवलेली जमीन दाखवणारा. सगळं जग त्यात होतं. मामा फक्त चिकलठाण्याच्या विमानतळावरून उडून, शहरावरून फुलंब्रीला जायचे आणि परत यायचे. छोटं विमान, कमी उंची. गावाशेजारच्या पाझर तलावावर दोन घिरट्या घालायचे आणि किती भरलाय ते सांगायचे.

खरा तलाव तेव्हा कोरडा होता. सिम्युलेटरमधला फोटो कुठल्यातरी चांगल्या पावसाच्या वर्षाचा होता. मी हे त्यांना समजावून सांगितलं.

“म्हाईत हाय मला,” मामा म्हणाले. “जुनं का होईना, पाणी हाय.”

अडचण एकच होती. चिकलठाण्याहून उडाल्यावर शहरावरून जाताना चित्र अडकायचं. जालना रोडवर विमान हवेत थांबायचं, मग एकदम दोन चौक पुढे जायचं. “शहर लई वाढलं,” मामा म्हणायचे. “मशीनलाबी झेपंना.” हे खरंच होतं. तितक्या इमारती पडद्यावर काढायला तो जुना प्रोसेसर पुरत नव्हता.

माझी नेमणूक झाली ती इंग्लिश मीडियममुळे. कुठला प्रोसेसर घ्यावा याची माहिती सगळी इंग्रजीत होती. ती मी वाचायची आणि मामांना मराठीत सांगायची. मला एकोणसत्तर म्हणजे किती हे अजून मनात मोजावं लागतं, त्यामुळे लोकांसमोर मराठी बोलायचं मी शक्यतो टाळते. मामांसमोर टाळता यायचं नाही, कारण ते वाट बघायचे. मी शब्द शोधत असले की खिडकीबाहेर बघत बसायचे, इंजिन गरम व्हायला वेळ द्यावा तसं. आमचा एक करारही झाला होता. त्यांचं काही चुकलं की मी घसा साफ करायचा. मी गप्प असले तर बरोबर आहे असं ते धरायचे.

मी त्यांना सांगितलं की प्रोसेसरमध्ये कोअर असतात, म्हणजे काम करणारे वेगवेगळे भाग. पण सिम्युलेटर मुख्य काम एकाच कोअरवर टाकतो. बाकीचे त्याची वाट बघत राहतात.

“आमच्या बाची शंभर मेंढरं होती,” मामा म्हणाले. “रस्ता वलांडताना म्होरं एकच जायची. ती अडली की शंभर अडायची.”

मग मी कॅशे सांगितली. प्रोसेसरच्या आतच थोडी मेमरी असते, ती मोठी असली की बाहेरच्या मेमरीकडे सारखं जावं लागत नाही.

“म्हंजी टँकरची वाट बघायची नाय. घरातच ड्रम मोठा.”

हे मी तीन लेख वाचून समजून घेतलं होतं. तर ठरलं. कोअर आठच, पण चपळ आणि कॅशे मोठी. जुन्या मदरबोर्डवर तो बसत होता. नाव मी कागदावर लिहिलं आणि फाइलमध्ये ठेवलं.

दुकानदारानं सोळा कोअरवाला पुढे केला. “मामा, आठवाला कशाला? डबल आहे हा. लेटेस्ट.”

“दोन्ही चालवून दाखवा,” मामा म्हणाले. “मेंढा चढालाच कळतो.”

“अहो, हा काय मेंढा आहे का?”

दुकानातले सगळे हसले. चालवून बघायची सोय नव्हती, तेव्हा मामांनी माझ्याकडे बघितलं. मी फरशीकडे बघितलं. फरशीला एक चीर होती. घसा साफ करायला किती वेळ लागतो? पण दुकानात सहा माणसं होती आणि सगळी आता माझ्याकडे बघत होती. मामांनी बराच वेळ वाट बघितली. मग सोळावाल्या डब्यावर बोट ठेवून म्हणाले, “हाच द्या.”

बाहेर आल्यावर ते खुशीत होते. “तू काय बोलली नाय, माय. म्हंजी बरोबर असंल.”

नवा प्रोसेसर बसवल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाले, “लई बरं हाय पहिल्यापरीस.” मी शेजारी बसून बघितलं. चिकलठाण्याहून उडाल्यावर विमान शहराकडे वळलंच नाही. पूर्वेला शेतांवरून लांब वळसा घालून ते फुलंब्रीला गेलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. जालना रोडला ट्रॅफिक जॅम असला तरी भरलेला टँकर सरळच नेणारा माणूस होता तो. शहरावर चित्र अजूनही अडकतं हे मला दिसू नये, म्हणून रोज लांबून जात होता.

मामा आता पुण्याला असतात. गुडघ्याचं ऑपरेशन तिकडेच झालं आणि मुलानं परत येऊ दिलं नाही. जाताना कॉम्प्युटर घोंगडीत गुंडाळून मांडीवर घेऊन गेले, सामानाच्या डिकीत ठेवू दिला नाही. रविवारी फोन येतो. तलाव भरलेला असतो. मागच्या खेपेला म्हणाले, “सरळ गारखेड्यावरून जातो आता, कुठं अडत नाय. तुमच्या गच्चीवरची टाकी दिसती. झाकण उघडं हाय तिचं.” फोटो जुना आहे हे मी सांगितलं नाही. वर जाऊन बघितलं. झाकण बंद होतं. तरी काढून पुन्हा लावलं.

मामा कुठं न अडता जातात, याचं कारण मात्र राहिलं सांगायचं. दुकानात पाटी होती, माल सात दिवसांत बदलून मिळेल. सहाव्या दिवशी मी मामांना म्हटलं, चला. कुठं, ते त्यांनी विचारलं नाही. मशीनमधला प्रोसेसर काढून डब्यात घातला आणि डबा पिशवीत टाकला.

दुकानदारानं डबा उलटसुलट करून पाहिला. “वापरलेला आहे, मामा. बिघाड काय आहे, सांगा.”

“बिघाड नाय तसा,” मामा म्हणाले. “चालतंय. माझंच जरा... मलाच नीट कळलं नाय घेताना.”

“या वयात विमानं कशाला उडवता? पत्ते खेळा.”

मामा हसले. मनापासून हसल्यासारखे हसले आणि डबा परत पिशवीत घालायला लागले. त्या दिवशीही दुकानात माणसं होती. मी मोजली नाहीत. मी पिशवी धरली.

“मामांना सगळं नीट कळलं होतं,” मी म्हणाले. “आम्हाला आठवालाच पाहिजे होता. मला तेव्हाच माहीत होतं आणि मी बोलले नाही. चूक माझी आहे. हा ठेवून घ्या आणि तो द्या.”