मृत्युपत्रावरचे कुंकू

मृत्युपत्राला कुंकू लावावे की लावू नये, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे का? मलाही पडला नाही. पडला असता तर पुढचे सारे टळले असते.

माझा मित्र माधव इथे परदेशात, आमच्या पॉइंट कुक उपनगरात वारला. घर त्याच्या एकट्याच्या नावावर. मृत्युपत्रात ते पत्नीला, म्हणजे नलूवहिनींना दिलेले, आणि ते अमलात आणण्याचे काम माझ्याकडे. मी शिस्तीचा माणूस, म्हणून त्याने मला निवडले होते. वहिनींना घर विकून दुसऱ्या शहरात, लेकीकडे गुंगालिनला जायचे होते. लेकीच्या बाळंतपणाला थोडेच महिने उरले होते. पण कोर्टाने मृत्युपत्र खरे ठरवून प्रोबेट दिल्याशिवाय घर विकता येत नाही.

कोर्टाची सूचना स्पष्ट होती: मूळ कागदाला काहीही लावू नये, जोडू नये, त्याची पिनसुद्धा काढू नये. मी ती वहिनींना दोनदा वाचून दाखवली. नियमपालनावर चार वाक्ये बोललोही. मग घरी येऊन स्नान केले, मृत्युपत्र देवापुढे ठेवले, हळदकुंकू वाहिले आणि वर धुतलेली सुपारी ठेवली. महत्त्वाचा कागद देवाला दाखवल्याशिवाय आमच्या घरातून बाहेर जात नाही. आता सांगा, याला कोणी 'काहीही' म्हणते का?

"अहो, कुंकू सहीवर आलंय," बायको म्हणाली.

मी ओल्या फडक्याने पुसले. ती दुसरी चूक. साक्षीदाराच्या सहीवर आता वाळलेल्या रक्तासारखा डाग होता, आणि शेजारी सुपारीचा गोल ठसा.

कागद तसाच कोर्टात दिला. काही आठवड्यांनी पत्र आले. लाल डाग कसला? कोणी पाडला? त्याखाली काही खोडले आहे काय? गोल खुणेच्या जागी काय जोडले होते?

मी सत्य तेच कळवले. त्यावर दुसरे पत्र: सदर सुपारी मृत्युपत्राचा भाग होती काय, आणि ती सध्या कोठे आहे?

सुपारी मी यथाविधी समुद्रात विसर्जित केली होती.

वहिनींचा फोन आला. "भाऊजी, सुपारी सापडत नाही म्हणून माझं घर अडलंय का?"

"कोर्टाचं बघतो," म्हणून मी फोन ठेवला.

शेवटी प्रतिज्ञापत्र करावे लागले. इथे लायब्ररीत बसून लोकांना शपथ देणाऱ्या सरकारमान्य बाईंनी ते सावकाश वाचले. "म्हणजे हे तुम्हीच केलंत, मेट?" इथे अनोळखी माणूसही 'मेट', म्हणजे मित्रच. मी होय म्हणालो. शपथ कोणत्या ग्रंथावर घेणार, असे त्यांनी विचारले. मी पिशवीतून गीता काढली. मुखपृष्ठावर तसाच लाल डाग होता. बाईंनी तो पाहिला, मृत्युपत्रावरचा पाहिला, आणि सही करत म्हणाल्या, "नो वरीज. पटलं."

प्रोबेट मिळाले, पण बाळ कोर्टासाठी थांबत नाही. वहिनी घर न विकताच गुंगालिनला गेल्या आणि जाताना किल्ल्या माझ्या हातात ठेवल्या.

तो सबंध हिवाळा, घर विकले जाईपर्यंत, दर शनिवारी मी त्यांच्या अंगणातले गवत कापले. नातीला मांडीवर घेऊन वहिनी व्हिडिओ कॉलवर देखरेख करत, आणि मी मशीन बंद केले की शांतपणे म्हणत, "भाऊजी, कुंपणाकडचं राहिलं." मी पुन्हा मशीन सुरू करी.