कोंबड्यांचे डोळे आले ती दोन वर्षं

लग्न होऊन मी उत्रोलीहून वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीत आले. संस्थानाचा काळ होता. सासरी कोंबड्या होत्या, पण त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. सकाळी खुराड्याचं दार काढायचं आणि तिन्हीसांजेला लावायचं, एवढंच. माझ्या आईनं मला शिकवलं होतं की कोंबडी मलूल दिसली की आधी तिच्या पंखाचा खांदा बघायचा. डोळा गळायला लागला की कोंबडी तो खांद्याच्या पिसांना पुसते. डोळा वरून चांगला दिसत असतो, पण पिसं ओली, मळकट आणि चिकटलेली असतात.

पहिल्याच थंडीत आमच्या चितऱ्या कोंबडीचा खांदा मला तसा दिसला. धरून पाहिलं तर डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस होता. मग पापणी सुजली, मिटली आणि काळ्या कोंबडीलाही तेच झालं. मी दोघींना डालग्याखाली वेगळं ठेवलं. खुराड्यातली साचलेली घाण खरवडून काढली. तिच्या वासानं माझेच डोळे चुरचुरले. मग मिठाच्या कोमट पाण्यात जुन्या लुगड्याची चिंधी बुडवून दोघींचे डोळे शेकायला बसले. पापणी सैल झाली की अंगठ्यानं हलकेच दाबायची. आतून खरवसाच्या तुकड्यासारखा घट्ट, पांढरा पू निघे. तो आत राहिला तर डोळा जातो.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उंबऱ्यातून बघत होत्या.

"कोंबडीला शेक देतीस? ती काय बाळंतीण हाय व्हय?"

मी कण्यांत शेवग्याचा पाला चिरून घालत राहिले. पुढं चितरीनं डोळा उघडला, मग काळीनंही, आणि अंडी पुन्हा सुरू झाली तशा आत्याबाई स्वतःच पाणी तापवून ठेवायला लागल्या.

शेजारी माझी चुलतसासू राहायची. तिच्याही कोंबड्यांचे डोळे आले होते. मी चिंधी आणि पाणी घेऊन तिच्याकडे गेले, तर तिनं मला अंगणातच थांबवलं.

"आमच्या र्‍हाऊ दे तशाच. तुज्या बी तशाच ठेवायच्या व्हत्यास, पोरी."

"अवो, डोळे जातील की त्यांचे."

"जाऊ दे. जीव तर र्‍हाईल."

म्हातारीला भ्रम झालाय असं मला वाटलं.

मग साहेबांचा मुक्काम चावडीत पडला. साहेब तालुक्याहून फिरतीवर आले होते आणि बरोबर त्यांची माणसं होती. शिपाई त्यांच्या जेवणासाठी घरोघर कोंबड्या बघत फिरला. पैशाचा विषयच नव्हता. चुलतसासूच्या अंगणात त्यानं एक कोंबडी उचलली, तिचा सुजलेला डोळा बघितला आणि शी म्हणून टाकून दिली. आमच्याकडे येऊन त्यानं चितरीची पापणी बोटानं वर केली.

"ह्या झाक हायत. कशा टकामका बघत्यात!"

मामंजी हात जोडून उभे होते. मी मधे झाले. "ही अंड्यावरची हाय. हिला नका नेऊ."

शिपाई माझ्याकडे न बघता मामंजींना म्हणाला, "सून लई बोलती तुमची."

मामंजी माझ्यावर खेकसले, "आत हो!" साहेबांच्या माणसापुढं न फुटणारा आवाज माझ्यापुढं बरोबर फुटला. चितरी आणि काळी पाय बांधून, उलट्या टांगून गेल्या. चुलतसासू कुडाशी उभी होती. ती मला हसली असती तरी बरं झालं असतं. ती नुसती मान हलवून आत गेली.

पुढच्या थंडीत पुन्हा साथ आली. चितरीच्या पिल्लांतली एक तलंग नुकती अंड्यावर आली होती. तिचा खांदा ओला दिसल्याबरोबर मी चुलीवर पाणी ठेवलं. आत्याबाईंनी भांडं उतरवलं आणि पाणी अंगणात ओतून दिलं.

"साहेब येऊन जाऊ दे. मग धू, काय धुवायचं ती."

"तवर डोळा जाईल, आत्याबाई."

"येकच जाईल न्हवं? दुसऱ्यानं चरंल."

मी मामंजींकडे बघितलं. ते दोरी वळत होते, तसेच वळत राहिले. साहेब त्या वर्षी लवकर आलेच नाहीत. तलंगेचा डोळा फुगून सुपारीएवढा झाला, मग आतल्या आत वाळला. त्या बाजूचं खाणं दिसेना म्हणून ती मातीत चोच मारायची आणि बाकीच्या तिला टोचायच्या. मी तिला हातानं कण्या भरवायची. ती माझ्या तळव्यावरही चुकीच्या जागी चोच मारायची.

अखेर मुक्काम पडला. त्या वर्षी सगळ्या वाडीनंच चुलतसासूसारखं केलं होतं. धड डोळ्याची कोंबडी कुणाच्याच अंगणात नव्हती. शिपाई चार घरं फिरून वैतागला आणि आमच्या दारात येऊन त्यानं तलंगेला मानगुटीला धरलं.

आत्याबाई पुढं झाल्या. "आंधळी हाय वो ती. रोगट हाय."

"आसंना का. साहेबाला न्हाई, आमाला हुईल. रश्शात डोळं कोण बघतंय?"

मग तो चुलतसासूच्या अंगणात गेला आणि तिच्याही दोन घेऊन गेला. म्हातारी त्याच्यामागं चावडीपर्यंत ओरडत गेली. तिचं ओरडणं कुणी मनावर घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी न सांगता पाणी तापवलं, मीठ घातलं आणि भांडं माझ्यापुढं आणून ठेवलं. खुराड्यात डोळे आलेली एक म्हातारी कोंबडी राहिली होती. मी तिची पापणी दाबली. आतला पू दगडासारखा झाला होता, निघेना.

"निघंल का?" आत्याबाईंनी विचारलं.

"न्हाई. येळ गेली."

त्या तिथंच बसून राहिल्या. पाणी गार झाल्यावर मी उठून भाकऱ्या करायला गेले.