चुकून लागलेली चिकटपट्टी

मित्राची कॅसेट मी बिघडवली आणि वर खोटंही बोललो.

गोंदियात आम्ही तिघे कॅसेटवेडे दर रविवारी आपापला संग्रह मांडून एकमेकांची टिंगल करतो. माझी गझल लागली की केशोरी गावचा मित्र हमखास विचारतो, "काऊन रडून राहिला बे हा?" त्याची जिरवायला मी त्याच्या दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याच्या, कॅसेटवर गझल भरली. कोणी काही भरू नये म्हणून त्यानं तिच्या कडेची प्लास्टिकची खिट्टी तोडली होती. त्या भोकावर चिकटपट्टी लावून मी ती पुन्हा भरण्याजोगी केली.

रविवारी दंडारीत गाणाऱ्या त्याच्या वडिलांच्या आवाजाऐवजी गझल वाजली. तो आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता.

"चुकून झालं," मी म्हणालो.

त्यानं कॅसेट उलटून पाहिली. "पट्टीबी चुकूनच चिकटली काय बे?"

"नाही. मुद्दाम लावली. माफ कर मला."