दादांचं जपानी रेगे

"तोंडाला काय विचारतेस? पायाला विचार."

गाणं कसं वाटलं हे मी सांगायला लागले, की दादा असं म्हणून माझ्या बुटांकडे बघायचे. हॅम्बर्गमधल्या आमच्या ऑफिसच्या स्वयंपाकघरात, कॉफीच्या यंत्राशेजारी त्यांनी मुठीएवढा एक स्पीकर ठेवला होता. त्यावर गाणं लावायचं आणि रांगेत उभ्या असलेल्यांचे पाय न्याहाळायचे. पाय हलला की गाणं पास. तुम्ही तोंडभर कौतुक केलंत आणि पाय ढिम्म राहिला, तर नापास. सॉफ्टवेअर तपासणं हेच त्यांचं काम होतं, त्यामुळे गाणीही ते आमच्यावर तपासून घेत.

गाणी सगळी रेगे. आणि गाणारे सगळे जपानी.

आता मला सांगा, साताऱ्याचा पन्नाशीचा गृहस्थ, गुरुवारी डब्यात न चुकता साबुदाण्याची खिचडी आणणारा, जर्मनीत बसून जमैकाचं संगीत ऐकतो आणि तेही जपानीत. तुम्हाला तरी चैन पडलं असतं का? मी तर जन्माची चौकस, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजणाऱ्या घरातली. आधी मला वाटलं, हा नुसता शिष्टपणा असणार. मग वाटलं, तरुणपणी जपानमध्ये काहीतरी प्रकरण झालं असावं. सरळ विचारलंच.

"जपान? अगं, पुणं सोडलं ते थेट जर्मनी," दादा म्हणाले. "मधे कुठे उतरलोच नाही."

शिफारस मात्र माणूस बघून करायचे. घर मिळत नाही म्हणून रडकुंडीला आलेल्या एका मुलीला त्यांनी एका बाईचं गाणं दिलं. ती बाई दक्षिणेकडच्या कुठल्याशा बेटावरची, तीन तारांचं वाद्य छेडत गाते आणि खालून बास गिटारचा जाड ठोका चालू असतो. सोमवारच्या मिटिंगआधी शब्दच नसलेलं, नुसतं ट्रंपेटचं. मी व्हिसासाठी आउसलेंडरबेहोर्डेला, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, निघाले तेव्हा एका घोगऱ्या आवाजाच्या बाप्याचं गाणं पाठवलं. वर म्हणाले, "हे ऐकत बस. नंबर लागेपर्यंत डोकं ठिकाणावर राहील." राहिलं, खरंच.

या संगीतात आहे तरी काय, असं विचारलं की टेबलावर बोटं वाजवून दाखवत. "आपल्याकडे समेवर सगळे एकदम येतात. इथे समेला गडी गप्प. सगळ्यांना पुढे जाऊ देतो, मग हळूच मागून येतो. आणि तरी चुकत नाही, बघ." पाच मिनिटं आधी पोचणाऱ्यांच्या या देशात त्यांना हा मागून येणारा गडी फार आवडायचा. आमच्या जर्मन बाईसाहेब यावर "गेनाऊ, गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणत मान डोलवायच्या, आणि दादा त्यांच्या बुटांकडे बघायचे.

खरं कारण मला एका संध्याकाळी बंदरातल्या फेरीबोटीवर कळलं. घरी जाताना आमचा दोघांचा रस्ता काही अंतर एकच होता. बाहेर नेहमीचा पाऊस होता आणि दादा फोनकडे टक लावून बसले होते. आपल्या मुलीच्या उत्तराची वाट बघत होते.

मुलगी कोलोनला, आईकडे. नवराबायको वेगळे झाले तेव्हा ती शाळेत होती, आता कॉलेजात गेलेली. लहानपणी ती मराठी बोलायची. एकदा सातारच्या नातेवाइकांसमोर काहीतरी उलटसुलट बोलली आणि सगळे हसले. "सगळ्यात मोठ्याने मी हसलो," दादा म्हणाले. त्या दिवसापासून ती त्यांच्याशी फक्त जर्मनमध्ये बोलते. यांचं जर्मन ऐकून तिला लाज वाटते. दर रविवारी फोन. हे मराठीत विचारणार, जेवलीस का. ती म्हणणार, "जा." म्हणजे जर्मनमधलं हो. फोन संपला.

मग एकदा आगगाडीत तिने इअरफोनचं एक टोक यांच्या कानात घातलं. जपानी गाणं होतं. दोघांनाही अक्षर कळत नव्हतं, पण दोघांचे पाय एकदम हलले.

"त्या गाण्यात आम्ही दोघं सारखेच अडाणी," दादा म्हणाले. "कोणी कोणाला हसायचं नाही."

तेव्हापासून हे दर शुक्रवारी तिला एक गाणं पाठवत, आमच्या पायांनी पास केलेलं. त्यावर रविवारचा फोन लांबायला लागला होता. म्हणजे आमच्या कॉफीच्या रांगेवर एका बापाची भिस्त होती आणि आम्हाला पत्ताच नव्हता. मला तर भरून आलं. त्यानंतर कधीकधी पाय मुद्दाम हलवला मी. त्यांना लगेच कळायचं.

त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं एकदम संथ होतं. गाणारा असा काही कळवळून गायचा की दादा डोळे मिटून घेत. "बिचाऱ्याचं काहीतरी मोठं गेलंय," म्हणायचे. मी अर्थ शोधायला फोन काढला, तर त्यांनी त्यावर तळहातच ठेवला. "अर्थ नको."

आणि मग एक दिवस पडलेल्या चेहऱ्याने आले. मुलगी त्या गाण्यांच्या नादाने जपानी शिकायला लागली होती. नुकत्याच झालेल्या परीक्षेत तर वर्गात पहिली आली होती. कोणत्याही बापाने पेढे वाटले असते. "आता तिला अर्थ कळणार," दादा म्हणाले. "आणि मी राहिलो इथेच." मी त्यांना कॉफी दिली.

वर्षभराने त्यांनी कोलोनच्या शाखेत बदली मागून घेतली. निरोपाच्या दिवशी मुलगी सामान न्यायला आली होती. उंच, अबोल, ओल्या जॅकेटमधली. दादांनी स्पीकरवर ते लाडकं गाणं लावलं आणि डोळे मिटले. मुलगी थोडा वेळ ऐकत राहिली. मग आमच्या सगळ्यांदेखत, चाचपडत, मराठीत म्हणाली, "बाबा, हा... छत्री विसरला. ट्रेनमधे. त्याची छत्री गेला."

स्वयंपाकघरात आम्ही तिघीजणी मराठी कळणाऱ्या. तिघींनी ओठ दाबून धरले. दादांनी डोळे उघडले, पण ते हसले नाहीत. "परत सांग," म्हणाले.

"छत्री," ती म्हणाली. "नवीन होता. फार रडतो तो." आणि स्वतःच फिस्सकन हसली. मग, तिला पुढे जाऊ देऊन, मागून हळूच दादा हसले.

स्पीकर ते आमच्यासाठी ठेवून गेले. त्यावर आता कोणीही काहीही लावतं आणि पायांकडे कोणी बघत नाही. शुक्रवारी मात्र कोलोनहून मला एक गाणं येतं. खाली चार ओळींत त्याचा अर्थ असतो. दादा बोटाने जसंच्या तसं उतरवून घेतात, मुलगी तिच्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगत असते. जन्मभर चुका शोधून पोट भरलेला हा माणूस, पण त्या चार ओळींतली एकही चूक त्यांनी आजवर दुरुस्त केलेली नाही.