दोघींना एकच नाणं

यांना पक्षाघात झाला, तेव्हापासून आमच्या घरात एकच प्रश्न होता. हे घरी राहणार की शुश्रूषा केंद्रात जाणार? मुलाने खोली बघून ठेवली होती. "आई, तुला एकटीला झेपणार नाही," म्हणायचा. खोटं नव्हतं. पण यांची वाचा गेली असली तरी केंद्राचं नाव निघालं की हे माझा पदर मुठीत धरायचे. आता सांगा, काय करणार मी?

आमच्या भजनी मंडळातल्या बायका पुढे आल्या. काही सकाळी येणार, काही संध्याकाळी. कामं सात: नळीतून भरवणं, घशातला कफ ओढून काढणं, कुशीवर वळवणं, अशी. हॉस्पिटलातल्या सिस्टरनी एकेक काम चौघीचौघींना शिकवलं. कुणाकुणाला दोन-तीन कामं यायची. अट एवढीच, की प्रत्येक कामासाठी ते येणारी निदान एक जण सकाळीही हवी आणि संध्याकाळीही. ऐकायला सोपं आहे हो! मांडायला बसले की सकाळ जमायची आणि संध्याकाळी भरवणारी कुणी नसायची. मुलाला म्हटलं, सोमवारपर्यंत थांब.

नात गणित शिकते. म्हणाली, "आजी, शोधत बसू नकोस. आधी अशी वाटणी आहे का ते बघू."

"न शोधता कसं कळणार गं?"

"समज, प्रत्येकीसाठी नाणं उडवलं. छापा सकाळ, काटा संध्याकाळ. एखाद्या कामाच्या चौघी एकाच वेळेला पडल्या, तर ती चूक. असं सोळात दोनदा, म्हणजे सरासरी आठात एकदा होतं. कामं सात, म्हणजे एका वाटणीत सरासरी सात अष्टमांश चुका. एकाहून कमी! प्रत्येक वाटणीत निदान एक चूक असती, तर सरासरी एकाखाली आलीच नसती. म्हणजे बिनचूक वाटणी आहेच."

माझी शाळा सातवीत सुटली, पुढचं सगळं वाचून-ऐकून. पण हे मला कळलं. कुणी न बघितलेली वाटणी, आणि ती आहे! डोळ्यांत पाणीच आलं.

मग खरंच नाणं उडवायला बसले. मंडळातल्या, शनिवार पेठेत राहणाऱ्या दोघी जावांपाशी आले आणि दोघींसाठी एकदाच उडवलं. धाकटी स्कूटर चालवते, थोरली मागे बसते. मंडईत भाजीला जायचं तरी दोघी. त्यांना वेगळं कसं करायचं? नातीने माझा हात धरला.

"दोघींना एकच नाणं? आजी, मोडलं की सगळं!"

"का गं? एकत्र येतील बिचाऱ्या."

"तीन कामांत त्या दोघीही आहेत. तिथे चौघींची तीनच नाणी झाली, म्हणून चूक चारात एकदा. तीन कामांची मिळून पाऊण, उरलेल्या चारांची अर्धी. सव्वा झाली! एकाच्या वर."

"मग वाटणी नाहीच का?"

"नाही असं नाही म्हणत. आहे असं आता सांगता येत नाही."

डॉक्टर यांच्याबद्दल अगदी असंच बोलले होते.

गेले जावांकडे. धाकटी म्हणाली, "अहो वहिनी, सासूबाईंना जन्मभर आमच्यात फूट पाडता आली नाही, आणि तुम्ही एका नाण्याने पाडायला निघालात!" थोरली हसली नाही. तिचे यजमान रिक्षात तिच्या शेजारीच गेले होते. तेव्हापासून ती एकटी रिक्षात बसलेली नाही. मला ठाऊक होतं, तरी यांचं सगळं सांगून विचारलं, एकटी याल का?

तिने सोलायच्या शेंगा बाजूला ठेवल्या. मग म्हणाली, "पदर धरतात म्हणालात?"

"हो."

"येईन."

जावांना वेगवेगळी नाणी देऊन पुन्हा उडवली. दोनदा फसलं, मग जमलं. धाकटी सकाळी, थोरली संध्याकाळी. मुलाला फोन केला, खोली घेऊ नकोस. "बघू, आई," म्हणाला.

आता रोज संध्याकाळी मी खिडकीशी असते. थोरली रिक्षातून उतरते, फाटक धरून उभी राहते. खाली येऊ नका, असं तिने मला बजावलंय. वर आली की हात धुते आणि यांच्या उशाशी बसते. बोटं थरथरत असतात, ती स्थिर होईपर्यंत कफाच्या नळीला हात लावत नाही. संध्याकाळच्या बायकांत कफ काढता येणारी ती एकटीच आहे. हे तिच्याकडे बघत असतात, आणि मी तिच्या बोटांकडे.