पुष्पाबाईचा कडू घास

पुष्पाबाई अन् मी, दोघी अमडापूरच्या. सकाळच्या एसटीनं चिखलीले जातो अन् लोकाईच्या घरची आजारी म्हातारी माणसं सांभाळतो. अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, डायपर बदलणं. लोक आम्हाले मावशी म्हणतात, म्हणजे नाव ध्यानात ठेवायची कटकट नाई. माहं नाव जयमाला. तोंड तिखट आहे, आधीच सांगून ठेवते.

पुष्पाबाई माह्या उलट. तिच्याकडं शारदाबाई होत्या, रिटायर मास्तरीण, अर्धांगवायूनं एक बाजू गेलेली. पडल्या पडल्या त्या पुष्पाबाईले पाढे म्हणायले लावत. चुकली की चांगल्या हातानं कान धरत. या बाईले त्याचंच कौतुक. "आज पुन्हा कान धरला वं," असं एसटीत हसत सांगे. घरी एकटी राहणारी बाई, तिले कान धरणारं तरी दुसरं कोण होतं?

मागच्या हिवाळ्यात शारदाबाई गेल्या, पुष्पाबाईच्या हातून पेज पिता पिता. पुष्पाबाईनंच त्याईले आंघोळ घातली, त्याईची आवडती साडी नेसवली. मयताच्या घरी आमच्याकडं चूल पेटत नाई. शेजारचे बेसन-भाकर आणतात, घरच्याईले आग्रह करून घास भरवतात. त्याले कडू घास म्हणतात. तिथं ताटं वाढली पुष्पाबाईनं. मुलानं खाल्लं, सून श्रद्धानं खाल्लं. पुष्पाबाईले कोणी म्हटलं नाई की बाई, तू बी बस. वाईट लोक नव्हते ते. त्याईच्या ध्यानातच आलं नाई.

लगेच आम्हाले कामं लावून देणाऱ्या ब्युरोवाल्या सिंधूताईनं तिले दुसरं घर दिलं, गुलाबरावांचं. गुलाबराव खाणारा गडी, बोलायले फटकळ. अन् ही रोज त्याईच्यापुढं बिनमिठाची पातळ पेज ठेवे, शारदाबाईले लागे तशी. सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी तेच. एक दिवस वाटी सरकवून ते म्हणाले, "मी मेलो का? हे काऊन देते मले?" पुष्पाबाई तिथंच भिंतीले टेकून खाली बसली. त्याईच्या घरच्याईनं सिंधूताईले फोन केला, बाई बदलून द्या.

मंग पुष्पाबाई घरीच राह्यली. डॉक्टरनं ताकदीच्या गोळ्या देल्या. अन्न गोड लागत नव्हतं, झोप नव्हती, एसटीचा हॉर्न वाजला की तोंड फिरवे. "माह्याच्यानं आता कोणत्या माणसाले हात नाई लावल्या जात," म्हणे. त्या कामातच जीव होता बाईचा, अन् तेच सुटून चाललं होतं.

मले आला राग. दारात उभी राहून म्हटलं, "काय सोंग लावलं वं? आपल्या कामात माणसं जातातच."

ती हळूच म्हणाली, "तुह्या सासूच्या वक्ती गल्लीनं तुले भाकर आणली होती. माह्यासाठी कोण आणन? मी शारदाबाईची कोण लागत होती?"

मी तशीच मागं फिरली. घरी आली, बेसन हाटलं, भाकर थापली अन् डबा घेऊन परत गेली. तिच्यापुढं खाली बसून घास धरला. म्हटलं, "शारदाबाईचा आहे. त्याईचं तूच होती, म्हणून तुह्यासाठी आणला."

तिनं घास घेतला अन् जे रडली, गल्ली गोळा झाली. मी सगळ्याईले बसवून घेतलं, मयताच्या घरी बसवतात तसं. मंग ती बोलली. पाढे, कान, शेवटची पेज, सगळं. पुढं झोपेसाठी सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरीणबाईकडं मीच नेलं तिले. लोक म्हणाले, पागल झाली का? मी त्याईले काय म्हटलं ते इथं सांगण्यासारखं नाई. सिंधूताईसोबतही भांडली, पेशंट गेला की बाईले लगेच दुसऱ्या घरात लोटू नका म्हणून. बाकीच्या बाया माह्या मागं उभ्या राह्यल्या, तवा कुठं ती कबूल झाली.

होळी झाल्यावर पुष्पाबाई पुन्हा एसटीत बसली. गुलाबरावांनी तिलेच परत मागितलं होतं. नवी बाई मीठ फार घाले म्हणे.

तवापासून आमच्यातल्या कोणाचाही पेशंट गेला की तिच्या घरी आम्ही भाकर नेतो.

मागच्या महिन्यात माहे रामराव गेले. माहे पेशंट, लय खडूस म्हातारा. सगळं नीट केलं, डोळ्यात टिपूस नाई आला. घरी येऊन पाहते तं ओट्यावर पुष्पाबाई, मांडीवर डबा.

"मले नाई लागत," मी म्हटलं. "मले काई झालं नाई."

तिनं भाकर मोडली, बेसनात बुडवली अन् माह्यापुढं धरली. "तोंड उघड," म्हणाली.

मी तोंड उघडलं, अन् मंग मले त्या खडूस म्हाताऱ्यासाठी रडू आलं.