पाचवं बटण

वस्तीतल्या शाळेत तो तीन वर्षं माझ्या वर्गात होता. शिक्षा म्हणून उभं केलं तरी भिंतीला टेकायचा नाही, म्हणून पोरांनी त्याला खांब्या नाव पाडलं. पुढे ती सवय कामी आली. मोठ्या दुकानाच्या दारात दहा तास उभं राहायची नोकरी त्याला लागली. वस्तीतल्या काळ्या माणसाला त्या दुकानाने दिलेली ती पहिलीच नोकरी.

मॅनेजर टेकडीवर राहणारा, गोरा, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी त्याने समजावलं, की सगळ्यांच्या पिशव्या बघत बसलास तर रांग रस्त्यावर जाईल. तुमची माणसं तुला कळतातच, तेवढीच बघ. आधीच्या रखवालदाराची वहीही पुढे केली. दोन वर्षांत पकडलेले एकवीस जण, एकवीसही वस्तीतले. खांब्याने विचारलं, की टेकडीवरच्या किती जणांच्या पिशव्या उघडल्या होत्या? मॅनेजरला हसू आलं. त्या कशाला उघडायच्या?

खांब्या गणितात बेताचाच, पण पाचाचा पाढा पक्का. आईच्या शिवणाच्या डब्यातून त्याने पाच बटणं घेतली. गिऱ्हाईक दाराबाहेर पडलं की एक बटण उजव्या खिशातून डाव्या खिशात जायचं. पाचवं ज्याच्यावर येईल त्याची पिशवी उघडायची, मग तो कुणी का असेना. पाच झाली की बटणं पुन्हा उजवीकडे.

एकदा पाचवं बटण आईवरच आलं.

"नऊ महिने पोटात वागवलं तुला," ती म्हणाली, "तेव्हा मी नाही रे तपासलं, आत काय आहे ते."

रांगेत हशा पिकला. खांब्याने साबणाच्या वड्या पावतीशी ताडून पाहिल्या आणि तिला जाऊ दिलं.

या नोकरीवर त्याच्या धाकट्या भावाचंही नशीब टांगलेलं होतं. भावाने नऊ ठिकाणी काम मागितलं होतं. वस्तीचा पत्ता वाचला की लोक अर्ज बाजूला ठेवत. ज्यांनी पत्ता वाचला नाही, त्यांनी तोंड पाहिलं. मग त्याने तांब्याची तार चोरली आणि दीड वर्ष तुरुंगात काढलं. सुटल्यावर तर त्याला फाटकातही कुणी उभं करेना. मॅनेजरने शब्द दिला होता, की तू वर्षभर तक्रार येऊ दिली नाहीस तर भावाला गोदामात घेतो.

अकराव्या महिन्यात टेकडीवरच्या एका बाईंच्या पिशवीत पैसे न दिलेली अत्तराची बाटली निघाली. विसरले, असं त्या म्हणाल्या, आणि तक्रारही त्यांनीच केली.

मॅनेजरने वही मागवली. दहा महिन्यांत बारा जण सापडले होते, त्यांतले सात टेकडीवरचे. ही माणसं विसरतात, त्यांना चोरांच्या वहीत कशाला घातलंस, असं त्याने विचारलं. खांब्या म्हणाला, मी कुणाला निवडत नाही, माझ्या आईचीही पिशवी उघडली होती.

"आईची उघडलीस ते बरोबरच केलंस," मॅनेजर म्हणाला. आवाज जराही चढला नव्हता. "एक तक्रार मी पोटात घालतो. भावाचं काय करायचं ते आता तू ठरव."

घरी आई शिवत बसली होती. भाऊ खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. खांब्याने सगळं सांगितलं.

"माझ्यासाठी काही करू नकोस," भाऊ म्हणाला.

"तुला विचारलंय कुणी?" आई म्हणाली. मग खांब्याकडे वळली. "माझी पिशवी रोज उघड. पण याला कामाला लाव. रिकामा बसला तर पुन्हा त्याच टोळक्यात जाईल."

खांब्याने पाचही बटणं डब्यात परत टाकली. हे मला त्यानेच सांगितलं, आमच्या ओट्यासमोर उभं राहून. बस म्हटलं तरी बसला नाही. त्याने सल्ला मागितला नाही, मीही दिला नाही.

भाऊ आता गोदामात आहे. खोकी नीट रचतो, वेळेवर येतो. वहीत त्यानंतर आणखी नऊ नावं आली आहेत, सगळी वस्तीतली. नवीन माणूस कामावर घेतला की मॅनेजर त्याला ती वही दाखवतो.

भावाला मिळालेला गणवेश कुणाचा तरी जुना होता, छातीवरची दोन बटणं तुटलेली. आईने डब्यातली लावून दिली. संध्याकाळी सुटल्यावर तो पुढच्या दाराने निघतो आणि न सांगता पिशवी उघडून धरतो. खांब्या तिच्यात हात घालतो, जेवणाचा डबा उचलून खाली बघतो. भावाच्या छातीकडे मात्र बघत नाही.